आग्रहाकडून अनाग्रहाकडे : कविवर बनारसीदासांची साधनायात्रा

श्वेतांबर आगमांतील ‘रायपसेणीय’ सूत्रात राजा प्रदेशी आणि पार्श्वपरंपरेतील केशीकुमार श्रमण यांचा दीर्घ संवाद आला आहे. देहाहून निराळा आत्मा नाही, असे राजाचे ठाम मत होते. त्यासाठी त्याने आपल्या परीने प्रयोगही केले होते. चोराला लोखंडी कुंभीत कोंडून पाहिले, जिवंतपणी आणि मृत्यूनंतर त्याचे वजन करून पाहिले. केशीमुनींनी एकेका युक्तिवादाचे निरसन केले. अखेर राजाजवळ युक्तिवाद उरला नाही. उरले ते एवढेच की, हे मत आजोबांचे होते, वडिलांचे होते, ते आता कसे टाकावे? तेव्हा मुनींनी त्याला लोखंड वाहणाऱ्या वाण्याचा दृष्टांत सांगितला.

काही व्यापारी धनाच्या शोधात रानातून निघाले. प्रथम लोखंडाची खाण लागली, सर्वांनी लोखंड बांधून घेतले. पुढे तांबे, रुपे, सोने, रत्ने आणि शेवटी हिरे लागले. प्रत्येक ठिकाणी इतरांनी हातचे टाकून अधिक मोलाचे घेतले. एकजण मात्र लोखंडच वाहत राहिला. सोबत्यांनी परोपरीने समजावले, तर त्याचे उत्तर ठरलेले : हे मी फार लांबून आणले आहे, फार घट्ट बांधले आहे, आता सोडवत नाही. गावी परतल्यावर इतरांचे वाडे उभे राहिले आणि तो ते पाहत हळहळत बसला. हा दृष्टांत ऐकून प्रदेशी राजाने पिढीजात मत सोडले व श्रावकधर्म स्वीकारला.

व्यापार हाच ज्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, त्याला या कथेतील नफातोटा समजावून सांगावा लागत नाही. तरीही लोखंड टाकणे सोपे नाही, हे आपल्या आचार्यांनी चांगले ओळखले होते. श्वेतांबर परंपरेत मिथ्यात्वाचे जे पाच प्रकार सांगितले जातात, त्यांत आभिग्रहिक हा एक आहे : परीक्षा न करता धरलेल्या मताला चिकटून राहणे. दुसरा आभिनिवेशिक : आपले चुकले हे उमगल्यावरही अभिमानापोटी ते न सोडणे. दिगंबर परंपरेतील पाच प्रकारांत ‘एकांत’ मिथ्यात्व येते, म्हणजे अनेकधर्मात्मक वस्तूचा एकच धर्म पकडून तोच पूर्ण मानणे. विभागणी निराळी असली, तरी बंधाच्या कारणांत मिथ्यात्वाला पहिले स्थान देण्याबाबत दोन्ही परंपरांत मतभेद नाही. ‘तत्त्वार्थसूत्रा’ने तोच क्रम दिला आहे.

या दृष्टांतात मात्र एक प्रश्न येत नाही. एखाद्याने लोखंड टाकले, पण त्याच्या जागी काहीच उचलले नाही आणि रिकाम्या हातांनाच तो सोने समजू लागला, तर त्याची गती काय? सतराव्या शतकातील एका जैन गृहस्थाच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्याने ते स्वतःच्या लेखणीने लिहून ठेवले, म्हणून आज ते आपल्याला वाचता येते. हे गृहस्थ म्हणजे ‘समयसार नाटक’कर्ते कविवर पंडित बनारसीदास होत.

जव्हेऱ्याचा मुलगा

बनारसीदासांचा जन्म वि. सं. १६४३ च्या माघ महिन्यात, म्हणजे इ. स. १५८६-८७ मध्ये, जौनपूर येथे झाला. घराणे श्रीमाळ, गोत्र बिहोलिया, उपासना श्वेतांबर खरतरगच्छाची. वडील खरगसेन जव्हेरी होते. सम्राट अकबराचा तो काळ. आचार्य हीरविजयसूरींची आणि अकबराची भेट होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि उत्तरेतील शहरांत ओसवाल-श्रीमाळ जव्हेऱ्यांच्या पेढ्या भरभराटीस आल्या होत्या. भरभराट होती, पण सुरक्षितता नव्हती. इ. स. १५९८ मध्ये जौनपूरच्या नबाब किलीच खानाने सर्व जव्हेऱ्यांना पकडून कोरड्यांनी मारले. सुटका होताच जो तो कुटुंब घेऊन वाट फुटेल तिकडे पळाला, त्यांत खरगसेनही होते.

मुलाचे पहिले नाव विक्रमाजीत. तो लहान असताना आईवडील त्याला घेऊन काशीला पार्श्वनाथांच्या दर्शनास गेले. तेथील पुजाऱ्याने ध्यानाचे सोंग केले आणि पार्श्वप्रभूंच्या यक्षाने दर्शन देऊन मुलाला पार्श्वजन्मभूमीचे नाव ठेवण्यास सांगितले, असे कळविले. आईवडिलांनी ते खरे मानले व विक्रमाजीताचा बनारसीदास झाला. आपले नावच एका पुजाऱ्याच्या कपटातून आले, हे कवीने पुढे पंचावन्नाव्या वर्षी हसतहसत लिहिले आहे. नाव मात्र बदलले नाही. श्रद्धेने दिलेले नाव खोट्या साक्षात्कारावर उभे असले, तरी देणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती, एवढे तारतम्य त्याला होते.

हे सर्व ज्या ग्रंथात येते तो ‘अर्धकथानक’. वि. सं. १६९८ (इ. स. १६४१) मध्ये आग्र्यास पूर्ण झालेले हे ६७५ पद्यांचे आत्मचरित हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून ओळखले जाते. शास्त्राप्रमाणे माणसाचे आयुष्य ११० वर्षांचे, त्यांपैकी ५५ संपली, म्हणून ही ‘अर्धी कथा’. मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे नोंदवावी लागते. हा ग्रंथ साक्षेपाने संपादून प्रसिद्ध करणारे पंडित नाथूराम प्रेमी मध्य प्रांतातील देवरीचे; पण त्यांची कर्मभूमी मुंबई. त्यांच्या मुंबईतील ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ कार्यालयातूनच १९४३ मध्ये ‘अर्धकथानक’ बाहेर पडले.

शंख, जिना आणि गोमती

बनारसीदासांच्या तारुण्याचे चित्र एखाद्या आदर्श श्रावकाचे नाही. चौदाव्या वर्षी एकीकडे पंडित देवदत्तांजवळ कोश, ज्योतिष, अलंकार यांचा अभ्यास चालू होता, उपाश्रयात खरतरगच्छीय मुनी भानुचंद्रांजवळ प्रतिक्रमणादी पाठ चालू होते. आणि दुसरीकडे प्रेमप्रकरणे चालू होती. वडिलांची माणके चोरण्यापर्यंत मजल गेली. त्याच काळात शृंगाराने भरलेला, हजार दोहे-चौपायांचा ‘नवरस’ हा ग्रंथही लिहून झाला. पुढे शरीराला दारुण व्याधी जडली. सासुरवाडीस, खैराबादेस, एका न्हाव्याच्या औषधाने ती बरी झाली. तरी वर्तनात फरक पडला नाही.

मग एक संन्यासी भेटला. त्याने एक मंत्र दिला : वर्षभर गुपचूप जप करावा, म्हणजे रोज दारात एक दीनार सापडेल. बनारसीदासांनी वर्षभर, कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून शौचकूपात बसून, जप केला. वर्ष सरले, दीनार आला नाही. मुनी भानुचंद्रांनी समजूत घातली तेव्हा कोठे भ्रम फिटला. पण फिटला तो त्या मंत्रापुरताच. लवकरच दुसऱ्या एका योग्याने लहानसा शंख दिला व ही सदाशिवाची मूर्ती, हिच्या पूजेने कल्याण होईल, असे सांगितले. बनारसीदास घरच्यांना न कळू देता रोज शंखाची पूजा करू लागले. पूजा चुकली तर त्या दिवशी कोरडे अन्न खाण्याचे प्रायश्चित्त घेत. इ. स. १६०४ मध्ये शाहजादा सलीमचे जव्हेरी हिरानंद मुकीम यांनी सम्मेदशिखराचा मोठा संघ काढला. खरगसेन त्या संघात गेले. इकडे मुलगा काशीस जाऊन पार्श्वनाथांची पूजा करी आणि जोडीला शंखाचीही. स्वतःवर त्याने नंतर विनोद केला आहे : देव शंख आणि भक्त महाशंख, म्हणजे महामूर्ख, धनी आणि चाकर दोघे सारखेच!

येथे दोष शिवभक्तीचा नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. दोष सौद्याचा होता. मंत्र म्हटला की दीनार, शंख पुजला की कल्याण, हा हिशेब पार्श्वप्रभूंपुढे उभे राहूनही मनात तसाच चालू शकतो. बनारसीदासांच्या बाबतीत काशीला तो तसाच चालू होता, आणि हे त्यांनी लपविले नाही.

इ. स. १६०५ मध्ये, कार्तिक महिन्यात, अकबर वारल्याची वार्ता जौनपुरास पोहोचली. बनारसीदास घरातील जिन्यावर बसले होते. ऐकताच भोवळ येऊन खाली पडले, कपाळ फुटले, अंगण रक्ताने भरले. आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. गावात एकच घबराट उडाली. दुकाने बंद झाली, लोकांनी दागदागिने पुरले, श्रीमंतांनी जाडीभरडी वस्त्रे घातली. दहाएक दिवसांनी आग्र्याहून जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आले, तेव्हा शहर सावरले. जखम भरल्यावर एके दिवशी एकांतात बनारसीदासांच्या मनात आले : जिन्यावरून कोसळलो, त्या वेळी ज्याला रोज पुजतो त्या शिवाने कोणते साहाय्य केले? त्या दिवसापासून शंख बाजूला पडला.

ही विचारसरणी अजूनही हिशेबाचीच आहे. माल मिळाला नाही म्हणून दुकान बदलावे, तसे ते सोडणे होते. तथापि मन हलले होते. थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी मित्रांसह ते गोमतीच्या पुलावर ‘नवरस’ वाचीत बसले होते. वाचता वाचता विचार आला की, एक असत्य बोलणाराही दुर्गतीस जातो आणि येथे तर हजार पद्ये कल्पित आहेत. त्यांनी पोथी नदीत टाकली. पाने प्रवाहात विखुरली, मित्र हायहाय करीत राहिले. अथांग पाण्यातून ती गोळा कोण करणार? शंखाच्या वेळी अपेक्षित फळ मिळाले नव्हते. ‘नवरसा’च्या वेळी तसे काही नव्हते, मित्र त्याची स्तुती करीत असताना तो गेला. म्हणून बनारसीदासांच्या जीवनातील पहिला खरा त्याग गोमतीच्या पुलावर घडला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

त्यानंतर मुलगा बदलला. सकाळी जिनमंदिरात दर्शन घेतल्याखेरीज दातही घासायचे नाहीत, चौदा नियम, सामायिक, प्रतिक्रमण सर्व यथासांग. खरगसेनांना आनंद झाला. व्यापारात मात्र यश नव्हते. वडिलांनी जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन आग्र्यास पाठविले, तर तेथे भांडवल बुडाले. काही महिने एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवण आणि रात्री मुक्कामाच्या ठिकाणी दहावीस माणसांना ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ गाऊन दाखविणे, एवढाच क्रम उरला. कचोरीवाल्याचे बिल चौदा रुपये झाले होते, हेही या प्रामाणिक माणसाने टिपून ठेवले आहे. नियम-व्रते या हालातही चालू होती. इ. स. १६१८ मध्ये हस्तिनापूर, अहिच्छत्र या तीर्थांची यात्राही झाली.

बारा वर्षे

वि. सं. १६८० (इ. स. १६२३) मध्ये त्यांना अर्थमल ढोर नावाचे अध्यात्मरसिक गृहस्थ भेटले. त्यांनी आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’वरील पांडे राजमल्लांची बालबोध टीका हाती दिली आणि हे वाचा, सत्य काय ते कळेल, असे सांगितले. बनारसीदास तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांचे होते. त्यांनी ग्रंथ पुनःपुन्हा वाचला. शुद्ध आत्मा कर्माचा कर्ता नाही, भोक्ता नाही, बंधही नाही. पुण्य आणि पाप दोन्ही बेड्याच, एक सोन्याची तर एक लोखंडाची. हे वाचून त्यांनी निष्कर्ष काढला की बाह्य क्रिया सर्व व्यर्थ. जप, तप, सामायिक, प्रतिक्रमण, नियम एकामागून एक सुटले. ‘ज्ञानपच्चीसी’, ‘ध्यानबत्तीसी’ यांसारख्या अध्यात्मरचना होऊ लागल्या, पण देवापुढचे नैवेद्यही खाल्ले जाऊ लागले.

चंद्रभान, उदयकरण आणि थानमल हे तीन समविचारी मित्र होते. चौघे एका कोठडीत वस्त्रे उतरवून फिरत आणि म्हणत, आम्ही आता निष्परिग्रही मुनी झालो. कधी एकमेकांची पगडी हिसकाव, कधी जोड्याने मार, असा खेळ चाले. मग जे काही घडले त्यावर अध्यात्माचा अर्थ लावला जाई. लोक, श्रावक आणि यती बनारसीदासांना ‘खोसरामती’ म्हणून हिणवू लागले. ते विद्वान व प्रसिद्ध असल्याने बदनामी त्यांचीच अधिक झाली. पुढे मागे वळून पाहताना त्यांनी आपल्या त्या अवस्थेला उंटासंबंधीची एक ग्राम्य उपमा दिली आहे. ती अशा स्मरणिकेत उद्धृत करण्याजोगी नाही, पण तिचा आशय सरळ आहे : जी ना धड जमिनीवर ना धड आकाशात. क्रियेतला रस आटला होता आणि आत्म्याचा स्वाद आला नव्हता.

एक चूक झाली आणि सुधारली, अशी ही बाब नव्हती. हे तब्बल बारा वर्षे चालले. मंत्र एका वर्षात सुटला, शंखही पुढे सुटला. ‘मी सर्व सोडले आहे’ ही धारणा सुटायला बारा वर्षे लागली. याचे कारण शोधणे कठीण नाही. मंत्राचा खोटेपणा दीनार न आल्याने उघडा पडतो. पण ज्याने परीक्षेची साधनेच ‘बाह्य’ म्हणून टाकून दिली, त्याच्या चुकीला पकडणार कोण? व्रत असते तर ते मोडल्याचे कळले असते. प्रतिक्रमण असते तर दिवसाअखेरीस स्वतःच्या दोषांपुढे उभे राहावे लागले असते. आणि टीका करणारा प्रत्येकजण त्यांच्या लेखी अज्ञ व्यवहारी होता.

खरे तर उपाय त्याच ग्रंथात होता. ‘समयसारा’च्या आठव्या गाथेत कुंदकुंदाचार्यांनीच म्हटले आहे की, अनार्य माणसाला त्याच्या भाषेवाचून काही समजावता येत नाही, तसा व्यवहाराशिवाय परमार्थाचा उपदेश शक्य नाही. बाराव्या गाथेचा अभिप्राय असा की, परमभाव पाहणाऱ्यांसाठी शुद्धनय आणि अपरमभावात असलेल्यांसाठी व्यवहाराचा उपदेश. बनारसीदासांसारख्या बुद्धिमान वाचकाने या गाथांवरील टीका वाचली नसेल, हे संभवत नाही. पण मनाने एक बाजू धरली म्हणजे डोळ्यांपुढील ओळही दिसत नाही.

पुढे श्वेतांबर विद्वानांनी आग्र्याच्या अध्यात्ममतावर ग्रंथ लिहिले. उपाध्याय यशोविजयजींची ‘अध्यात्ममतपरीक्षा’ आणि उपाध्याय मेघविजयजींचा ‘युक्तिप्रबोध’ हे त्यांत प्रमुख होत. या ग्रंथांकडे आज केवळ पंथभेदाच्या चष्म्यातून पाहिले जाते, हे योग्य नाही. व्यवहाराचा लोप झाल्यास धर्म कोणत्या आधारावर टिकेल, ही त्यांची चिंता खरी होती. आणि बारा वर्षांच्या त्या अवस्थेबाबत बनारसीदासांनी स्वतःवर ठेवलेला ठपका या टीकाकारांहून सौम्य नाही.

पंडित रूपचंद आग्र्यास आले

वि. सं. १६९२ (इ. स. १६३५) मध्ये पंडित रूपचंद नावाचे विद्वान आग्र्यास आले आणि तिहुना साहूंच्या मंदिरात उतरले. अध्यात्ममंडळी त्यांच्याकडे गेली व ‘गोम्मटसारा’चे वाचन करण्याची विनंती केली. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींचा हा दहाव्या शतकातील ग्रंथ. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती उभारणाऱ्या चामुंडरायाचे ते गुरू, म्हणून दक्षिणेतील श्रावकांना हे नाव परके नाही. ‘गोम्मटसार’ हा ‘समयसारा’सारखा एका दमात आत्म्याच्या शुद्ध स्वरूपाकडे नेणारा ग्रंथ नव्हे. तो मोजणी करतो, वर्गवारी करतो. जीव कोणत्या गुणस्थानी आहे, तेथे कोणत्या कर्मप्रकृतींचा उदय आहे, कोणाचा उपशम, कोणाचा क्षय, याचा काटेकोर हिशेब त्यात आहे.

रूपचंदांनी गुणस्थानांचे विवेचन केले. चौथ्या गुणस्थानी दृष्टी सम्यक् झालेली असते, पण व्रत नसते. पाचव्यात श्रावकाची एकदेश विरती येते. सहाव्यात मुनीचे सकल संयम. ज्या जीवाचे जे गुणस्थान, तशी त्याची क्रिया आणि तसे त्याचे ज्ञान. एका पायरीची क्रिया दुसरीवर लादता येत नाही, आणि पायरी चढण्याआधी तिची क्रिया टाकताही येत नाही. कोठडीत वस्त्रे उतरविणारे चौघे सहाव्या गुणस्थानाचे सोंग करीत होते आणि पाचव्याची व्रते त्यांनी आधीच मोडली होती, हे आता कोणी निराळे सांगण्याची गरज राहिली नाही. निश्चय आणि व्यवहार यांत कोणते खरे, हा प्रश्नच चुकीच्या रीतीने विचारला जात होता. कोणाला, कोणत्या भूमिकेवर, कोणत्या अपेक्षेने, हे विचारल्याखेरीज त्याचे उत्तर नाही, आणि हे विचारणे म्हणजेच स्याद्वाद. बनारसीदास लिहितात की, त्यानंतर त्यांची श्रद्धा दृढ जैन झाली.

एक गोष्ट सहसा नजरेआड होते. रूपचंद येण्यापूर्वी एक वर्ष, वि. सं. १६९१ मध्ये, बनारसीदास व त्यांचे मित्र कुंवरपाल यांनी सोमप्रभाचार्यांच्या ‘सूक्तिमुक्तावली’चा, म्हणजे ‘सिंदूरप्रकरा’चा, पद्यानुवाद केला होता. हा श्वेतांबर आचार्यांचा ग्रंथ, आणि त्याची सुरुवातच जिनपूजा, गुरुभक्ती आणि संघभक्ती यांपासून होते. क्रियेला व्यर्थ मानणाऱ्याने असा ग्रंथ भाषांतरास घ्यावा, यावरून गाठ आतून सैल होऊ लागली होती, असा तर्क करण्यास जागा आहे. रूपचंद आले ते तयार झालेल्या भूमीवर.

पुढच्याच वर्षी, वि. सं. १६९३ (इ. स. १६३६) च्या आश्विनात, ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. कुंदकुंदांच्या गाथा, त्यांवरील अमृतचंद्राचार्यांचे कलश आणि राजमल्लांची टीका यांच्या आधाराने रचलेली ही ७२७ पद्ये. जीव, अजीव, आस्रव, बंध ही तत्त्वे रंगभूमीवरील पात्रांप्रमाणे वेष घेऊन येतात आणि ज्ञान त्यांना ओळखताच वेष उतरवून निघून जातात, ही कल्पना अमृतचंद्रांची; ब्रजभाषेत ती बनारसीदासांनी रंगविली. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी एक स्वतंत्र अधिकार जोडला आहे, तो चौदा गुणस्थानांचा. मूळ ‘समयसारा’त तो नाही. ज्या ज्ञानाच्या अभावी स्वतःची बारा वर्षे गेली, ते पुढच्या वाचकाच्या हाती आधीच असावे, ही त्यामागची दृष्टी असली पाहिजे. ग्रंथरचनेचे श्रेयही त्यांनी एकट्याकडे घेतलेले नाही. रूपचंद, चतुर्भुज, भगौतीदास, कुंवरपाल आणि धर्मदास या पाच जणांच्या नित्य चर्चेचा त्यांनी कृतज्ञतेने उल्लेख केला आहे.

या ग्रंथाचा प्रभाव दूरवर पोहोचला. पंडित टोडरमलांनी अठराव्या शतकात जयपुरात ‘मोक्षमार्गप्रकाशका’त निश्चयाचा आभास आणि व्यवहाराचा आभास या दोन्हींची जी झाडाझडती घेतली, तिच्या मुळाशी आग्र्याचाच अनुभव दिसतो. मुंबईत जवाहिराचा व्यापार करणाऱ्या श्रीमद् राजचंद्रांनी ‘समयसार नाटका’तील एका पद्याचे आपल्या पत्रांतून सविस्तर विवरण केले आहे. एका जव्हेऱ्याने अडीचशे वर्षांनी दुसऱ्या जव्हेऱ्याचा माल पारखून घ्यावा, तसे ते आहे.

न सुटलेले

‘समयसार नाटक’ लिहिल्यावर बनारसीदास वीतराग झाले, अशी समजूत करून घेणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्यांचे तीन विवाह झाले, सात मुलगे आणि दोन मुली झाल्या, आणि नऊही अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. शेवटचा मुलगा गेला तो वि. सं. १६९६ मध्ये, म्हणजे ‘नाटक’ पूर्ण झाल्यानंतर तीन वर्षांनी. पानगळीनंतरच्या झाडांप्रमाणे पतिपत्नी दोघेच उरले, असे ते म्हणतात. तत्त्वदृष्टीने पाहता जितका परिग्रह घटला तितकी उपाधी घटली, हे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते लिहिलेही. पण लगेच पुढे कबुली आहे की संसारी माणसाला हे मानवत नाही. परिग्रहाविना त्याला रिकामेपण वाटते. मुलाच्या मृत्यूचा शोक दोन वर्षे त्यांच्या मनातून गेला नाही. आत्मा अजर-अमर आहे असे ७२७ पद्यांत सांगणाऱ्याने हे लपविले असते, तर कोणाला कळले असते?

‘अर्धकथानका’च्या शेवटी त्यांनी स्वतःचे गुण आणि दोष मांडले आहेत. भाषाकवित्त्वात निपुण, क्षमाशील, मधुर बोलणारा, स्वस्त्रीसंतोषी, जैन श्रद्धेत दृढ, हे गुण सांगून झाल्यावर दोष येतात. क्रोध-मान-माया थोडी, पण लक्ष्मीचा लोभ जबर. जप, तप, संयम यांची आवड नाही. पूजा-दानात प्रेम नाही. थोड्या लाभाने फार हर्ष, थोड्या हानीने फार चिंता. खोटे बोलण्यात मौज वाटते. एकांत मिळाला की नाचायला लागतो. अकारण भय वाटते. जो आपले आणि दुसऱ्याचे गुणदोष दोन्ही सांगतो तो मध्यम माणूस, अशी व्याख्या करून त्यांनी स्वतःला त्या मधल्या वर्गात बसविले. उत्तम म्हणवून घेतले नाही.

या यादीत एक बारकावा आहे. रूपचंदांच्या उपदेशाने क्रियेचे स्थान पटले, तरी क्रियेत गोडी लागलीच असे नाही. मत बदलते एका बैठकीत. स्वभाव वर्षानुवर्षे मागेच राहतो. गुणस्थानांच्या भाषेत सांगायचे तर दर्शनमोह आणि चारित्रमोह ही दोन निराळी कर्मे आहेत. पहिल्याचा पडदा दूर झाला म्हणून दुसरे आपोआप झडत नाही. बनारसीदासांना हे शास्त्रातून माहीत होते आणि स्वतःच्या घरातूनही.

‘अर्धकथानक’ लिहिल्यानंतर ते फार काळ राहिले नाहीत. वि. सं. १७०१ (इ. स. १६४४) मध्ये आग्र्याच्या अध्यात्ममंडळीतील जगजीवन यांनी त्यांच्या विखुरलेल्या रचना एकत्र करून ‘बनारसीविलास’ हा संग्रह सिद्ध केला. त्यात दिगंबर-श्वेतांबर दोघांनाही प्रिय असलेल्या ‘कल्याणमंदिर स्तोत्रा’चा अनुवाद आहे, ‘सूक्तिमुक्तावली’ आहे, आणि त्या बारा वर्षांतील ‘ज्ञानपच्चीसी’ व ‘ध्यानबत्तीसी’ही आहेत. ‘नवरस’ गोमतीत गेला. या रचना मात्र कवीने नदीत टाकल्या नाहीत. रूपचंदांच्या भेटीनंतर नव्या रचना झाल्या तेव्हा त्याने जुन्या-नव्या दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या आणि लिहून ठेवले की, पूर्वीचे बोलणे आणि आताचे बोलणे सारखेच आहे, त्यांत कोठे विरोध नाही.